हर्षदाकाकीच्या सहा डुबक्या

सर्जेकोटच्या बंदरात बर्फाचा एक जुना कारखाना आहे. त्यात चौदा वर्षांपासून बर्फ बनत नाही, माणसं बनतात, असं हर्षदा कुबल म्हणायची. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती हे वाक्य ऐकवायची, आणि पाहुणा दुसऱ्यांदा आला तर दुसऱ्यांदा ऐकवायची.

कारखाना तिच्या वडिलांचा. होड्यांवरच बर्फ करणारी यंत्रं आली तेव्हा तो बंद पडला, आणि सगळं भंगारात घाल असा सल्ला तिला झाडून सगळ्या नातेवाइकांनी दिला. हर्षदाने कॉम्प्रेसर तेवढा ठेवून घेतला. बर्फाचे डबे बुडवायचा लांबलचक हौद घासूनपुसून काढला, त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि ते चार अंशांवर आणून ठेवलं. गावाने कपाळावर हात मारून घेतला. पण त्याच सुमाराला उत्तर ध्रुवाकडचा बर्फ उन्हाळ्यात वितळून वाट मोकळी होऊ लागली होती. युरोपची जहाजं रशियाच्या डोक्यावरून जपानला निघाली होती आणि त्यांच्या डेकवर राबायला नेहमीसारखी कोकणातली पोरं लागत होती. तिथलं पाणी दोन-तीन अंशांचं. त्यात पडलेला माणूस बहुधा हाती लागत नसे. मग नौवहन खात्याने थंड पाण्याचा दाखला सक्तीचा केला आणि तो देणारा हौद अख्ख्या किनाऱ्यावर एकच निघाला.

थंड पाण्यात माणूस गोठून मरतो, असं कुणी म्हटलं की हर्षदाला राग यायचा. गोठायला तास लागतो, तेवढा वेळ मिळाला तर देव पावला म्हणायचं. माणूस जातो तो पहिल्या मिनिटात. कातडीखाली गारवा ओळखणाऱ्या लाखो मज्जातंतूंची टोकं असतात. अंग एकदम थंड पाण्यात गेलं की ती सगळी एकाच वेळी बोंब ठोकतात. मेंदू विचारायला थांबत नाही, तो छातीचा भाता खाडकन उघडतो आणि माणूस आ वासून एक भलामोठा श्वास ओढतो. या श्वासाला हर्षदा आचका म्हणायची. तोंड पाण्याखाली असताना आचका आला तर हवेऐवजी पाणी आत जातं आणि खेळ तिथेच आटोपतो. तोंड वर असलं तर पुढे धाप लागते, मिनिटाला साठ-साठ श्वास. रक्तवाहिन्या आखडतात, हृदय धडका मारतं. दोन-तीन मिनिटं निभावली की हे सगळं आपोआप निवतं. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं, आणि शुद्ध राहते ती तासभर. एक मिनिट श्वासाचं, दहा मिनिटं हातांची, एक तास जिवाचा, असा तिचा हिशोब होता.

मात्र शरीर शहाणं असतं, त्याला शिकवता येतं. मानेपर्यंत थंड पाण्यात पाच-सहा वेळा, दोन-तीन मिनिटं उतरलं की कातडी तेवढीच बोंबलते, पण मेंदू तिच्याकडे काणाडोळा करायला लागतो. आचका निम्म्यावर येतो आणि ही शिकवण कित्येक महिने अंगात टिकते. हे पुस्तकातलं. हर्षदाचे विद्यार्थी आचका पूर्णच विसरत, आणि त्याला कारण होतं गाऱ्हाणं.

मालवणी मुलखात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जण खड्या आवाजात मागणं मागतो आणि जमलेली मंडळी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. डॉक्टरने तपासलेला, कमरेला दोर बांधलेला पोरगा हौदात उतरला की हर्षदा काठावर उभी राहून सुरू करायची, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो झील आज थंड पाण्यात उतारलो आसा, त्येचो धीर सुटूक देव नको." पाण्यातल्याने 'व्हय म्हाराजा' पुरतं आणि स्पष्ट म्हणायचं. म्हणायचं तर श्वास बाहेर सोडावा लागतो, आणि श्वास सोडत असलेल्याला आचका घेता येत नाही. पहिल्या दिवशी पोरांच्या तोंडून नुसतं 'व्ह, व्ह' निघायचं. सहाव्या दिवशी तीच पोरं चार अंशांच्या पाण्यात देवळाच्या ओसरीवर बसल्यासारखी उत्तरं द्यायची. अशी चारशे बारा पोरं तिने जहाजांवर धाडली होती. सगळी तिला काकी म्हणत, आणि दर वर्षी सुट्टीवर आली की पुन्हा हौदात उतरून जात.

या काकीची एकुलती एक लेक मृण्मयी. पुण्याला शरीरशास्त्र शिकली आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत रमली. कॉलेजच्या सुट्ट्यांत आईच्या हौदाच्या काठावर बसून तिने शेकडो आचके पाहिले होते. सहा दिवसांच्या डुबक्या जगातल्या लाखो खलाशांना कोण घालणार, हा प्रश्न तिच्या डोक्यात तिथेच शिरला असावा. आठ वर्षं खपून तिने त्याला उत्तर काढलं. बोटभर रुंदीची एक मऊ पट्टी, बरगड्यांच्या खाली कातडीला चिकटणारी. पट्टीचं नाव 'धीर'. ती श्वासाच्या पडद्याची हालचाल रात्रंदिवस ऐकत राहते. आचक्याची पहिली उसळी कळली की डोळ्याचं पातं लवायच्या आत विजेचा बारीक झटका देऊन ती त्या पडद्याला आवरते, आणि त्याच क्षणी जहाजाला कळवते की अमुक माणूस पाण्यात पडला, अमुक जागी.

पट्टीला ओलावा कळायची सोय मृण्मयीने आधी केली होती. पण उत्तरेच्या समुद्रात डेकवर उभा असलेला माणूसही दिवसभर लाटांनी भिजतो. पट्ट्या दिवसातून तीस-तीस वेळा खोटी हाकाटी करू लागल्या, तेव्हा एका कप्तानाने वैतागून घंटाच बंद करून टाकली. त्यानंतर तिने पाण्यावर विसंबणं सोडलं. पाणी फसवतं, आचका फसवत नाही, असं ती भाषणांत सांगायची आणि टाळ्या घ्यायची.

पट्टी गाजली. जानेवारीपासून प्रत्येक खलाशाला ती सक्तीची होणार आणि हौदाचा दाखला रद्द होणार, असं ठरल्यात जमा होतं. लेकीने आईच्याच पोटावर पाय आणला, असं गावात उघड बोललं जाऊ लागलं. हर्षदाने त्याला दिलेलं उत्तर अगदी तिच्या स्वभावाला धरून होतं. वर्तमानपत्रात आलेला लेकीचा फोटो तिने हातभर मोठा करून घेतला आणि हौदासमोरच्या भिंतीवर लावला, पाण्यातल्या माणसाला तीन मिनिटं दुसरं काही बघताच येणार नाही असा. एकटी असली की ती कॉम्प्रेसरवर हात ठेवून बसायची हेही खरं. हौद जाणार याचं तिला वाईट वाटत होतं आणि तो आपल्या पोटच्या पोरीमुळे जातोय याचा अभिमान वाटत होता. दोन्ही एकदमच वाटत होतं, आणि त्यातलं काही लपवण्याची तिला गरज वाटली नाही.

मृण्मयीने गावासाठी एक केलं होतं. आचका ओळखणाऱ्या पहिल्या पट्ट्या तयार झाल्या तेव्हा त्या परक्यांना देण्याऐवजी तिने आपल्या माणसांना दिल्या. सर्जेकोटची आणि आसपासच्या वाड्यांची त्रेसष्ट पोरं त्या वर्षी उत्तरेच्या वाटेवर होती, सगळी काकीच्या हाताखालून गेलेली. पट्टी आल्यावर कंपन्यांनी निसरड्या डेकवर दोघांनी मिळून काम करायचा नियमही सैल केला. पट्टी लक्ष ठेवून आहे म्हटल्यावर दुसरा माणूस कशाला, असा त्यांचा विचार.

शेवटची पाहणी सर्जेकोटलाच ठेवली, कारण एवढा थंड हौद दुसरीकडे नव्हता. खात्यातून हुद्दार नावाचे अधिकारी आले, सोबत फाईल. सही त्याच दिवशी व्हायची होती. बंदरावरची कधी हौदात न उतरलेली अकरा माणसं पट्टी लावून एकेक करून पाण्यात उतरली. पट्टीची खबर आली की लागणारा भिंतीवरचा हिरवा दिवा अकराही वेळा लखकन लागला आणि एकाच्याही तोंडून आचका निघाला नाही. हुद्दार खूश झाले. आता जेवायला निघू म्हणाले, आणि जाता जाता सहज बोलले, की काकींनीही एकदा लेकीची पट्टी लावून उतरावं, फोटो छान येईल.

हर्षदा पट्टी लावून पायऱ्या उतरली. पाणी मानेपर्यंत आलं. सवयीप्रमाणे तिचा श्वास संथ चालू होता. फोटो निघाला, मंडळी दाराकडे वळली. मृण्मयी पाठमोरी उभी राहून हुद्दारांना काहीतरी समजावत होती. हर्षदाची नजर समोरच्या भिंतीवर होती. लेकीचा फोटो, आणि त्याच्या शेजारी दिवा. दिवा लागला नव्हता.

ती थांबली. एक मिनिट, दोन मिनिटं. दिवा काळाच राहिला. पट्टीच्या लेखी ती कोरड्या जमिनीवर उभी होती. आणि मग थंड पाण्याने आला नव्हता तसा काटा तिच्या अंगावर आला. आचका आला नाही तर पट्टीला माणूस पाण्यात पडल्याचं कळतच नाही. अख्ख्या जगात पट्टीला न दिसणारी माणसं जर कुठे असतील तर ती तिच्या हौदातून निघालेली चारशे बारा. त्यांतली त्रेसष्ट या घटकेला बर्फाळ डेकवर एकेकटी काम करत होती, पट्टीच्या भरवशावर.

सही होईपर्यंत गप्प राहावं, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. लेकीची आठ वर्षं दारापाशी उभी होती. पण तो विचार एका श्वासापुरताही टिकला नाही.

"मिनू, दिवो बघ," ती पाण्यातूनच म्हणाली.

मृण्मयी वळली. हुद्दारही वळले. दिव्याकडे बघून मृण्मयीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. आईला हौदाचा मोह सुटत नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं असणार.

"आये, तू मुद्दाम श्वास धरून ऱ्हवलंस?"

हर्षदाला ते फार लागलं. त्या आठवड्यात सहा डुबक्या पुऱ्या केलेली दोन पोरं कोपऱ्यात उभी होती, त्यांच्याकडे तिने नुसतं बोट दाखवलं. मृण्मयीने स्वतःच्या हाताने त्यांना पट्ट्या लावल्या. दोघं एकामागून एक उतरली. दिवा लागला नाही. मृण्मयी हौदाच्या काठावर खाली बसली.

हुद्दार माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, की अशी माणसं जगात असून असून किती असणार, चारशे? लाखो खलाशांचा जीव आजच्या सहीने वाचणार आहे. सही होऊ द्या, दुरुस्ती मागाहून करा, मी कुठे बोलणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. हर्षदा पाण्याबाहेर येऊन टॉवेल गुंडाळून उभी होती. लेक काय करते हे बघण्यावाचून तिच्या हातात आता काही नव्हतं.

मृण्मयी उठली. "फाईल परत न्या," ती हुद्दारांना म्हणाली. "माझी पट्टी चुकते. आधी चुकत असेल तर मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आज मी सही घेतली तर उद्या आणखी कुठे चुकते ते मला कोण सांगणार?"

हुद्दार न जेवता गेले. त्यांची गाडी वळणाआड गेली. मग मृण्मयीने आईचे दोन्ही हात धरले आणि मघाच्या बोलण्याची माफी मागितली. हर्षदाने तिला आधी पट्टीचं बोल म्हणून गप्प केलं.

नवी पट्टी करायला महिने लागणार होते आणि पोरं आज डेकवर होती. पट्टीला आचकाच कळतो, तर पोरांनी खोटा आचका घ्यावा, एवढाच मार्ग दिसत होता. चालतो का ते बघायला हर्षदा पुन्हा हौदात उतरली. जन्मभर आचका मोडायला शिकवत आलेल्या बाईला आचका घेता येईना. पहिल्यांदा नुसता उसासा निघाला. दुसऱ्यांदा पाणी नाकात गेलं आणि ती खोकून खोकून बेजार झाली. बघणाऱ्या पोरांनी हसू दाबलं. शेवटी तिने मान मागे टाकली, तोंड आभाळाकडे केलं आणि लागोपाठ तीन जोरदार आचके ओढले. तिसऱ्याला दिवा लागला.

त्याच संध्याकाळी त्रेसष्ट जणांना तिचा आवाज गेला. पाण्यात पडलात तर आधी शिकवलंय तसंच करा. श्वास ठिकाणावर आला की तोंड वर करा आणि तीन आचके मुद्दाम ओढा, दाबून ओढा, लाजू नका. आणि तोपर्यंत डेकवर एकटं जाऊ नका, कुणी धाडलं तर काकीचं नाव सांगा. शेवटचा आदेश कंपन्यांनी कितपत मनावर घेतला कोण जाणे. बासष्ट जणांनी उत्तर पाठवलं. त्रेसष्टाव्याचं, साईराज तारीचं, उत्तर तीन दिवसांनी आलं. तो म्हणाला, काकी, तुम्हीच आचका मोडलात आणि आता तुम्हीच घ्या म्हणताय. तिने त्याला फोनवरच झापलं आणि तिथल्या तिथे तीन आचके घ्यायला लावले.

मृण्मयी पुण्याला परतली नाही. ती हौदाशेजारी टेबल टाकून बसली, समुद्रावरच्या त्रेसष्ट पट्ट्यांची खबर जहाजांबरोबर तिथेही यावी अशी सोय तिने केली, आणि सहा डुबक्यांतून गेलेल्या माणसाचा श्वास पाण्यात नेमका कसा चालतो ते टिपू लागली. तोही काही जमिनीवरच्यासारखा नव्हता. फार सावकाश, बाहेर सोडताना लांबलेला, आणि प्रत्येक श्वासाच्या टोकाला पडदा किंचित थरथरत असलेला. हीच खूण पट्टीला शिकवायची होती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तिच्या टेबलावरचा दिवा लागला. त्या वेळी हौदात कुणी नव्हतं. खूण साईराज तारीच्या पट्टीची होती.

जहाजालाही त्याच क्षणी कळलं होतं, पण एवढं मोठं धूड चटकन थांबत नाही आणि वळत तर त्याहून नाही. हर्षदा उभीच राहिली. श्वासाचं मिनिट सरलं होतं, हातांची दहा मिनिटं सुरू झाली होती. मृण्मयीने पट्टीत साठलेली नोंद उघडली. आता ओळखीच्या झालेल्या त्या सावकाश, थरथरत्या श्वासावरून साईराज कधी पडला ते तिला कळलं, आणि त्यानंतर सत्तर सेकंद पट्टी गप्प होती. सत्तर सेकंद ती सांगत होती की माणूस डेकवर आहे आणि ठीक आहे. मग तीन आचके, एकापाठोपाठ एक, रेघ पानाबाहेर जाईल एवढे. मृण्मयीने ते आईला दाखवलं. हे तीन आले नसते तर पट्टी तो बुडेपर्यंत ठीक आहे, ठीक आहे म्हणत राहिली असती, असं ती म्हणाली.

नववं मिनिट गेलं, दहावं गेलं. आता त्याचे हात दोर धरायच्या कामाचे उरले नसणार हे हर्षदाला ठाऊक होतं. पण श्वास संथ चालू होता. रेघ दिसत होती. चौदाव्या मिनिटाला छोटी होडी पाण्यात उतरली. सतराव्या मिनिटाला त्याला दोन दोर अंगाखालून घालून आडवंच उचललं, कारण गारठलेल्या माणसाला उभं उपसलं तर रक्त पायांत उतरून हृदय थांबू शकतं. जहाजावरून एकाच ओळीचा निरोप आला, की जिवंत आहे आणि चहा मागतो आहे. हर्षदा तेव्हा कुठे खाली बसली.

दोन दिवसांनी साईराजचा फोन आला, नॉर्वेतल्या एका बंदरातल्या इस्पितळातून. तोवर इकडे बंदरावर दोन तट पडले होते. पोराला पट्टीने वाचवलं, असं एक तट म्हणत होता, काकीच्या डुबक्यांनी, असं दुसरा. साईराजची अडचणही तीच निघाली. कप्तानाला अहवाल पाठवायचा होता. जीव कशामुळे वाचला, असा त्यात एक रकाना होता. साधन की शिक्षण, ते लिहायचं आणि ज्याचं श्रेय त्याचं नाव टाकायचं. नावाला जागा एकच. अहवाल थेट खात्यात जाणार होता आणि पुढचा नियम त्यावरून ठरणार होता. साईराज म्हणाला, मी तुमचंच नाव सांगतो, हौद वाचेल. पट्टीवर लिहिलं तर हौद गेला.

पुढे चार महिन्यांनी नवी पट्टी आणि हौदाचा दाखला, दोन्ही सक्तीचे करणारा एकच आदेश निघाला. पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. त्या दुपारी हर्षदाच्या हातात फक्त तो फोन होता, आणि मृण्मयी टेबलाशी मान खाली घालून नोंदी तपासत असल्याचं दाखवत होती.

"साईराज, नीट आयक," हर्षदा म्हणाली. "तुका पट्टीन वाचवल्यान नाय आणि माझ्या हौदानय वाचवल्यान नाय. माझ्या चेडवान आपल्या मानाच्या दिवशी, सायबाच्या तोंडार, आपली चूक सांगल्यान. ती गप ऱ्हवली आसती तर तुका माझो निरोप गेलो नसतो आणि आज तू नसतंस. मृण्मयी कुबल, असा लिही."

तिने फोन ठेवला. मृण्मयी टेबलावरून उठून आली होती. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"आये, ह्या खरा वाटता तुका?"

"सरकारी कागद आसा तो," हर्षदा म्हणाली. "त्येच्यावर मी कोणाक खोटा लिवक सांगूचंय नाय."